तीन हजार न्यूटन

नाही नाही, तिथे नका उभ्या राहू. कठड्याला हात लावायचा नाही, टेकायचं तर मुळीच नाही – एवढी एकच अट आहे माझी, बाकी घर आपलंच समजा. म्हणजे समजू नका, म्हणायची पद्धत आहे. या अशा आत. ही खुर्ची घ्या – ती नको, वेताची नको, ही घ्या. आणि ते काचेचं दार ओढून घ्या मागे, म्हणजे निदान आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईल. हां. बघा, निम्मा आवाज गेला. उरलेला निम्मा जमिनीतून येतो, त्याला दार लावता येत नाही. पाणी घ्या. खाली गर्दीत चेंगरत होतात आणि ‘माझ्या पोरीचं पथक हाय हो, मला दिसू द्या’ म्हणून दिसेल त्याला सांगत होतात, ते मी खाली दाराशी उभा असताना ऐकलं म्हणून वर बोलावलं, नाहीतर दहीहंडीच्या दिवशी मी कोणाला दार उघडत नाही. मांजरीहून आलात ना सगळ्या? टेम्पोतून? उभ्यानं? बरंय, अजून कंबर शाबूत आहे म्हणायची. मी श्रीधर. पॉलिटेक्निकला मेकॅनिक्स शिकवायचो – मेकॅनिक्स म्हणजे गॅरेज नव्हे, बळाचं शास्त्र. कशाला किती ताण बसतो, काय कधी तुटतं. अख्खी नोकरी तेच शिकवलं, एकानंही ऐकलं नाही, असो.

दिसतंय ना इथून? थेट समोर. दोरी आमच्या गॅलरीतून निघते – तो भिंतीतला हूक बघा, त्याला तो आट्यांचा दांडा, टर्नबकल म्हणतात, तो फिरवला की दोरी ताणली जाते – आणि तिथून बोळ ओलांडून समोरच्या बिल्डिंगच्या खांबाला. मधोमध हंडी. दोरी म्हणजे लोखंडी हो, वायररोप, सुंभाचे दिवस गेले. आणि ताठ कशी आहे बघा. तीस फुटांच्या बोळात मधोमध वीतभर खाली आलीये फक्त, आणि त्यांना तेवढीही नको होती. हा या मंडळाचा मान – पलीकडच्या मंडळाची दोरी झोळीसारखी लोंबते आणि आमची सरळ रेघ असते, असं दर वर्षी माइकवरून सांगतात, लोक टाळ्या पण वाजवतात. काल पोरं इथं पान्यानं पिळत बसली होती – सर, अजून एक फेरा देतो, सर, अजून एक. द्या म्हटलं. द्या की, माझं काय जातंय. आता हे तुम्हाला कळेल – धुण्याची तार ढिली असली की ओली गोधडी टाकली तरी काही होत नाही, आणि तीच तार ताणून बांधा, खिळा उपसून हातात येतो. का? कारण सरळ दोरी नुसतं वजन पेलत नाही, ती दोन्हीकडच्या भिंती आत ओढते. या दोरीवर जे काही लटकेल त्याच्या दहापट ओढ या हुकावर येते. दहापट. हंडी फुलांसकट, त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांसकट वीस किलो – म्हणजे हुकावर दोनशे. आत्ता, आपण बोलत बसलोय तेव्हा, दोनशे किलोनं माझी भिंत ओढली जातेय. आवाज येत नाही, गाणं आहे ना वर. पण परवा आला होता.

परवा म्हणजे मी टेस्ट घेतली ना. जयसिंग आला होता – तो हो, मंडळाचा अध्यक्ष, पांढरा झब्बा, गळ्यात जाड साखळी, क्रेनपाशी उभाय तो. माझाच विद्यार्थी. म्हणाला, सर, हल्ली हूक तपासलाय का म्हणून विचारतात, तुमच्याकडे ते यंत्र आहे ना. आहे. एक टोक हुकाला, एक चेन-पुलीला, ओढत जायचं आणि काटा बघायचा. यंत्रावरचे आकडे न्यूटनमध्ये. आता न्यूटन म्हणजे काय – हे किलो-बिलो बाजारात ठीक आहे, बळ मोजतात न्यूटनमध्ये. शंभर ग्रॅमचा पेरू तळहातावर ठेवा, तो हाताला जेवढा दाबतो तेवढा एक न्यूटन. दहा पेरू, एक किलो, दहा न्यूटन – नऊ पूर्णांक आठ खरं म्हणजे, पण पेरूवाल्याशी कोण वाद घालतो. त्याहून लहान हवं असेल तर डाइन, न्यूटनचा एक लाखावा भाग, डास बसला हातावर तरी दोन-अडीच डाइन होतात. मोठं हवं असेल तर किलोन्यूटन, हजार न्यूटन, म्हणजे तुमचं एक क्विंटलचं पोतं. बाकी विसरलात तरी चालेल, पोतं लक्षात ठेवा. हा जयसिंग वर्गात उत्तर लिहायचा आणि पुढे एकक लिहायचाच नाही. नुसता आकडा. ‘सर, आकडा तर बरोबर आहे ना?’ अर्धा मार्क कापायचो, दर वेळी कापायचो, आणि दर वेळी तो हसायचा. तर परवा काटा तीन हजारावर आला आणि भिंत करकरली. प्लास्टरची भुकटी पडली, चिमूटभर. मी लगेच सोडलं. जयसिंग खाली रस्त्यात होता, फोन कानाला लावून, तिथनंच ओरडला, ‘सर, किती?’ मी म्हटलं, तीन हजार. बस्स. तीन हजार काय, हे त्यानं विचारलं नाही. गेला. आणि आता ऐका – ऐका, तेच चाललंय माइकवर – ‘आपल्या सरांनी स्वतः टेस्ट केलाय, तीन टनाचा हूक आहे, हत्ती टांगा.’ तीन टन म्हणे. तीन पोती हो, फक्त तीन पोती, जेमतेम तीनशे किलो. मी खोटं काहीच बोललो नाही.

सांगितलं का नाही? सांगणार होतो. त्याच संध्याकाळी सांगणार होतो, चपला घातल्या होत्या पायात. आणि खाली ते लोक फ्लेक्स लावत होते. तो दिसतो का, डावीकडचा – जयसिंगचा हात जोडलेला फोटो, आणि त्याच्या खांद्यामागे गोल चौकटीत बाई आहे एक? ती पद्मजा. माझी बायको. ‘कै. पद्मजाकाकूंच्या स्मरणार्थ भव्य दहीहंडी.’ मला विचारलं नाही, फोटो कुठून मिळवला तेही सांगितलं नाही – हसतेय त्यात, कुणाच्या तरी मुंजीतला असावा, नथ आहे. हा हूक तिनंच लावू दिला होता. मी नको म्हणत होतो, ती म्हणाली, लावू दे हो, पोरांना कौतुक असतं. दर वर्षी डबा भरून सुंठवडा करायची त्यांच्यासाठी. गेल्या वर्षी याच सुमाराला ती त्या वेताच्या खुर्चीत बसली होती. म्हणाली, छातीत कसंसंच होतंय, आवाज जरा वेळ बंद करतील का, विचारता? मी गेलो खाली. त्या स्पीकरच्या भिंतीसमोर उभा राहिलो, हात जोडले – माझ्याच विद्यार्थ्याला हात जोडले. त्यानं ऐकलं, मान हलवली, मला वाटलं, करतोय बंद. तर माइक घेतला आणि म्हणाला, ‘आपल्या पद्मजाकाकूंसाठी एक खास गाणं होऊन जाऊ दे’, आणि वाढवला. सगळे हसले. तिला वर ऐकू गेलं असणार, आपलं नाव घेतलं ते. मी वर आलो तेव्हा डबा मांडीवर तसाच होता, झाकण लावलेला, ती नव्हती. मग तो हार घेऊन आला, माझ्या पाया पडला, रडला. मला त्या रडण्याचा सगळ्यात जास्त राग येतो. खरंच रडत होता तो. त्याला अजून वाटतं की त्यानं काकूंचं कौतुक केलं.

तर चपला काढून ठेवल्या. झालं.

नाही हो, मी कुठे काय करतोय, मी बसलोय. हंडी वीस किलो, ओढ दोनशेची, हूक तीनशे झेलतो – हंडीनं काही होत नाही. सुखरूप फुटेल. फक्त जयसिंगची एक हौस आहे. हंडी फुटली की तो क्रेनच्या पाळण्यातून वर येतो, दोरी धरतो, पाळणा बाजूला घ्यायला लावतो आणि तसाच लोंबकळतो थोडा वेळ – फोटोसाठी. साखळी पुढे येते, झब्बा फुगतो, वर्षभर तोच फोटो सगळीकडे. पंच्याऐंशी किलोचा माणूस. त्याला दहानं गुणा, तुम्हीच गुणा, मी काही म्हणत नाही. आणि तेव्हा खाली क्रेनसाठी जागा मोकळी केलेली असते, दोर लावून, आमच्या गॅलरीखाली तर चिटपाखरू नसतं, ते मी मागच्या वर्षीच्या व्हिडिओत नीट बघून घेतलं – म्हणजे दिसलं आपलं व्हिडिओत. असं बघू नका माझ्याकडे. त्यानं एकक विचारावं. आत्तासुद्धा मान वर करून विचारलं, सर, तीन हजार काय, तर मी सांगेन. लगेच सांगेन. पण त्यानं विचारायला हवं ना.

चहा टाकू? राहिलं. आलं बघा तुमचं पथक पुढे, पिवळे टीशर्ट. चांगल्या गोल करून उभ्या राहिल्यात, मुलांपेक्षा शिस्त आहे. तुमची कुठल्या थरात? खालच्या असेल, खांदे तुमच्यासारखे असतील तर – वरच्या? किती वरच्या? सगळ्यात वर. बरं. ती, हेल्मेट चढवतेय ती, वेणी आत खुपसतेय? मैना. नाव छान ठेवलंत. लहानखुरी आहे, वजन चाळीस असेल, नाही? काही नाही, असंच विचारलं, सवय असते. मुलींचं बरं असतं, हंडी फोडतात आणि आल्या तशा खांद्याखांद्यावरून उतरतात, मुलांसारखं माकडासारखं दोरीला – काय? काय म्हणालात? नाही, गाण्यात ऐकू नाही आलं, परत सांगा. लोंबकळणार आहे? ‘पोरं करत्यात मग आम्ही का नाय’? कोणी सांगितलं तिला? जयसिंगनं. जयसिंगनं सांगितलं, की तू लोंबकळून राहा, मी क्रेननं येतो आणि वरच तुला हार घालतो. दोघांचा फोटो. आणि तिनं तिकडे मांजरीला चिंचेच्या फांदीला लोंबकळून सराव केलाय. हो, ऐकतोय. मी ऐकतोय. पण पट्टा आहे ना, कमरेला पट्टा बांधलाय ना तिनं? आहे. मग ठीक. मग ठीक आहे. तो पट्टा वर कशाला अडकवणार आहेत, बाई? कशाला? – त्याच दोरीला.

वीस आणि चाळीस, साठ. सहाशे किलो. सहा पोती.

थांबा, ओरडू नका. दार उघडून ओरडलात तरी काही पोचत नाही, मी गेल्या वर्षी तिथे उभा राहून बघितलंय, आपलं तोंड हललेलं दिसतं त्यांना फक्त. जिन्यानं जाऊ नका, गर्दीतून घुसेपर्यंत ती वर पोचलेली असेल. फोन करतोय, करतोय – वाजतोय त्याचा, तो बघा, हातात आहे त्याच्या फोन, शूटिंग करतोय त्याच्यावर, उचलत नाही. मला शिव्या नंतर द्या, हव्या तेवढ्या द्या, घेईन मी. मला वाटलं नव्हतं हो. मुली लोंबकळत नाहीत हे मला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही, मीच धरून चाललो, आणि दुसऱ्यांचे मार्क कापायचो. पाना. पाना हवा. स्वयंपाकघरात ओट्याखालच्या खणात, मोठा आहे तो, पळा.

आणलात. ऐका आता. दोरी तोडायची नाही, काढायची नाही, फक्त सैल करायची. चार बोटं. चार बोटं सैल झाली की मध्ये वीतभर आहे ती दीड हात खाली येईल, आणि दहापट ओढ साडेतीनपटीवर येते. सहाशेचे दोनशे होतात. दोनशे भिंत आत्ताही झेलतेच आहे. आधी तो कडेचा नट सोडायचा – द्या इकडे – नाही, नाही होत माझ्याच्यानं, पाना सारखा निसटतोय. तुम्ही घ्या. डावीकडे जोर द्या. कठड्याला पोट लावू नका, बाजूनं, असं. सुटला. आता मधला दांडा फिरवा. फिरवत राहा. तिकडे बघू नका, मी बघतोय तिकडे, तुम्ही हातातलं बघा. दोन थर लागलेत. हंडी खाली येतेय, कळलं त्यांना, बोटं दाखवतायत. जयसिंग वर बघतोय. हातवारे करतोय मला. माइकवर म्हणतो, दोरी ढिली झाली, सर, दोरी ढिली झाली. होऊ दे. फिरवा तुम्ही. तिसरा थर. मैना निघाली. किती झालं – तीन बोटं – अजून थोडं, अजून. दुखतंय ना, माहितीये. बस्स. नट परत बसवा, घट्ट. या मागे. आत या, भिंतीपासून लांब, आत या म्हणतो ना.

पट्टा अडकवला तिनं दोरीला. फोडली. डोक्यावरच फोडली, दही बघा सगळ्यांच्या अंगावर. धरली दोरी. दोन्ही हातांनी धरली. खालच्या मुली वाकल्या, बाजूला होतायत, पाय सुटले तिचे. बोलू नका. मी हुकाकडे बघतोय. भुकटी पडलीये तिथे – नाही, ती परवाचीच. झोका घेतेय ती. झोका कशाला, नुसतं लोंबकळ ना बाई, झोका घेतला की ओढ वाढते, हे कोणी सांगत नाही पोरांना – नाही. नाही, धरलंय. भिंतीनं धरलंय. हसतेय ती, दात दिसतायत इथून. वर हात करतेय, तुम्हाला करतेय, तुम्ही पण करा. क्रेनचा पाळणा आला. जयसिंग नाहीये त्यात, दुसराच कोणी आहे. पट्टा सोडवला, घेतलं तिला आत. उतरतेय. उतरली. उतरली हो. बसा. रडा, रडलात तर काही बिघडत नाही, मीही – जाऊ दे. पाणी घ्या. मघाशी तिनं हात केला ना, तेव्हा माझ्या मनातलं सगळं गेलं होतं. खरंच सांगतो, वाटलं, संपलं, राहू दे आता दोरी अशीच लोंबती, होऊ दे त्याचा फोटो. असा ढिला फोटो आला तर तीही एक गंमतच.

काय म्हणतोय तो? जरा उघडा दार. हां. ऐकलंत? ‘श्रीधर सर, दोरी तेवढी परत ताणून घ्या, पार झोळी झालीये आपली. ताणली की मी येतो वर फोटोला. आणि आपल्या पद्मजाकाकूंच्या आठवणीत एकदा गाणं होऊन जाऊ दे, मोठ्यानं.’ तेच गाणं. त्याला आठवतही नाही, की तेच आहे. आणि लोक बघा कसे ओरडतायत. मी इथे दारात उभा आहे, त्याला दिसतोय मी, नजरेला नजर आहे. नाही, काही विचारत नाहीये. अंगठा दाखवतोय.

लावा दार. तुम्ही निघा आता. मैना शोधत असेल तुम्हाला. हो, कळतं मला तुम्ही काय म्हणताय, सगळं कळतं, कुणाच्या तरी पोटचाच आहे तोही. ऐकलं मी. तिला घ्या आणि सरळ टेम्पोत जाऊन बसा, क्रेनच्या बाजूला फिरकू नका. जिन्यात दिवा नाही, भिंतीला धरून उतरा.

आणि तेवढा पाना ठेवून जा.